पुढच्या सीटचा मान

अधिक महिना आला की आमच्या वर्धा जिल्ह्यात जावयांचे दिवस फिरतात. एरवी ज्याला घरात कोणी पंख्याखालची खुर्ची देत नाही, त्याला या महिन्यात पाटावर बसवतात, समोर तुपाचा दिवा लावतात, पुरणाचे धोंडे आणि ताटभर अनारसे देतात. लेक आणि जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण, अशी समजूत. नारायणाने काही करायचं नसतं. बसायचं, खायचं आणि नको नको म्हणत घ्यायचं. हे काम मला उत्तम जमतं.

यंदा हा महिना ज्येष्ठात आला. ज्येष्ठात आमच्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही. पेरण्यांना अजून वेळ होता, म्हणून वडनेरचे माझे सासरे मोकळे होते. त्यांना मी मामाजी म्हणतो. त्यांनी पुलगावला फोन करून विचारलं, धोंड्याला काय पाहिजे, अंगठी की घड्याळ? मी आवाजात शक्य तितका साधेपणा आणून म्हटलं, "काही नको मामाजी. सगळे मिळून कुठंतरी फिरून येऊ."

माझ्या डोळ्यांपुढे चिखलदऱ्याचा एक व्हरांडा होता. थंड हवा, चहा, आणि मामाजी खर्च करतायत.

पण बेत ठरवायचं काम गेलं माझ्या साळ्याकडे. मंगेशचं हिंगणघाटला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याने दोन दिवसांनी आनंदाने कळवलं की हैदराबादच्या बाहेर एक भलंमोठं पार्क आहे, त्यात आकाशाला टेकलेलं रोलर कोस्टर आहे, आणि तिकिटं काढून झालेली आहेत. "तुमच्या आवडीचंच पाह्यलं भाऊजी," तो म्हणाला.

ही आवड त्याच्या डोक्यात कशी शिरली, ते सांगायला हवं. मी पुलगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. वर्तुळाकार गतीचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर एक मोठा वळसा काढतो, त्यावर एक छोटी गाडी काढतो, गाडीत उलटा माणूस काढतो आणि तो खाली का पडत नाही ते अशा जोशात सांगतो की शेवटच्या बाकावरचे झोपाळूही जागे होतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत हाच वळसा मी मंगेशला एका लग्नपत्रिकेच्या मागे काढून दाखवला होता. त्याने विचारलं होतं, म्हणजे भ्यायचं कारणच नाही? मी म्हणालो होतो, विज्ञान समजलेल्या माणसाला नाही.

खरी गोष्ट अशी की विज्ञान समजलेला हा माणूस दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतूनही भिंतीला खांदा घासत चालतो. कॉलेजात असताना वर्ध्याच्या मीनाबाजारात मी एकदा आकाशपाळण्यात बसलो होतो. माझा डबा नेमका वर असताना वीज गेली आणि जनरेटरवाला चहाला गेलेला निघाला. तो चहा पिऊन येईपर्यंत मी वरून सगळ्या देवांची क्रमवार आठवण काढली. त्यानंतर मी पाळण्यांकडे फक्त फळ्यावर पाहिलं.

तरी मी सरावाचा प्रयत्न केला. निघायच्या आठवड्यात वर्ध्याला मीनाबाजार लागलेलाच होता. संध्याकाळी कामाचं निमित्त काढून गेलो आणि लहान मुलांच्या ड्रॅगन गाडीचं तिकीट काढलं. गाडीची उंची साधारण म्हशीएवढी. माझे गुडघे छातीला टेकले होते आणि पुढच्या डब्यातल्या दोन पोरी मागे वळून माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. दुसऱ्याच फेरीला कठड्यापलीकडून एका विद्यार्थ्याच्या आईने मला ओळखलं. "सर, मुलं कुठी आहेत?" तिने विचारलं. आम्हाला अजून मूल नाही. मी हात हलवून, येतायत, अशी खूण केली आणि तिसऱ्या फेरीला माझं तोंड पूर्ण दुसरीकडे वळवलं.

वडनेर ते आदिलाबाद

वडनेरला पहाटेच पाटावर बसवून धोंड्याचा कार्यक्रम झाला. मी हवे तेवढे खाल्ले. उरलेल्या अनारशांचा डबा आणि केळीच्या पानात बांधलेले धोंडे मामाजींनी गाडीत घेतले, कारण जावयाचं वाण जावयाबरोबर गेलं पाहिजे.

हे सगळं करणाऱ्या माझ्या सासूबाई, म्हणजे मामीजी, माझ्याशी थेट बोलत नाहीत. राग वगैरे काही नाही, त्यांच्या घरची रीतच तशी आहे. जावयासमोर डोक्यावर पदर आणि बोलणं तिसऱ्यामार्फत. मी समोर बसलेला असताना त्या माझ्या बायकोला, वैशालीला सांगतात, "जवायाले विचार, चहा घेतात का." मीही वैशालीला सांगतो, घेईन म्हणावं. चहा दोन हातांवर असतो, पण निरोप मात्र असा फिरून येतो. गंमत अशी की या बाई जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या आणि त्यांच्या आवाजाने म्हणे शेजारच्या शाळेतली पोरंही गप्प बसत. गेल्या वर्षीच त्या निवृत्त झाल्या. मी तो आवाज ऐकला नव्हता.

वडनेरहून महामार्ग सरळ हैदराबादला जातो. पांढरकवडा मागे पडलं, जंगल आलं, मग पैनगंगेचा पूल आला आणि त्यापलीकडे पाट्यांवरची अक्षरं एकदम गोल गोल झाली. ज्याला त्याला वेलांटी, प्रत्येक अक्षराला एक तरी वळसा. इतरांना ती तेलुगू वाटत होती. मला प्रत्येक पाटीवर रोलर कोस्टरचा नकाशा दिसत होता.

आदिलाबादच्या पुढे एका खानावळीत जेवायला थांबलो. ताटात भाताचा डोंगर आला, त्यावर वरण, मग अंबाडीची आंबट चटणी. ती मामाजींना फार आवडली, पण ते हात थांबवून बसले. आमच्याकडे आधी पोळी, भात शेवटी. मामाजी पोळीची वाट पाहत होते. वाढप्याने पुन्हा भात आणला. मामाजींनी मान हलवली. वाढप्याला वाटलं आवडलं, त्याने आणखी आणला. शेवटी ते मला हळूच म्हणाले, "जवाईबापू, हे लोक शेवटापासून सुरू करून राह्यले."

तिथंच हात धुताना वैशालीने मला ते सांगितलं. मामीजींनी हिंगणघाटच्या शिंप्याकडून सलवार-कमीज शिवून आणला होता. जन्मात पहिल्यांदा. पार्कात मोठ्या पाळण्यांवर साडी चालत नाही असं मंगेशने वाचून दाखवलं, त्याच दिवशी त्या गेल्या आणि माप देऊन आल्या. घरात कोणालाही न विचारता.

"आईला बसायचंय," वैशाली म्हणाली. "शाळेच्या सहलीला दरवर्षी नागपूरच्या पार्कात जायची. पोरं वर, अन् ही खाली. पिशव्या सांभाळायच्या, चपला सांभाळायच्या, पोरं मोजायची. एकदाही बसली नाही."

मी म्हटलं, बसू दे की, छान आहे. आणि मला मनापासून आनंदही झाला. त्या बसणार, मंगेश बसणार, वैशाली बसणार. एवढी माणसं वर गेली म्हणजे खाली पिशव्यांजवळ कोणी तरी लागणारच.

फाटकाशी

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या जिन्यावरून मामीजी उतरल्या. फिकट जांभळा सलवार-कमीज, पायात घरी राहिलेल्या सुनेचे मागून आणलेले बूट, आणि दुपट्टा मात्र घट्ट डोक्यावर. जिन्याच्या मधल्या पायरीवर त्यांनी मला पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. मामाजी रिकाम्या रस्त्याकडे पाहून म्हणाले, "चला, ऊन होईन." त्यांच्याकडून ती शाबासकी होती.

पार्कच्या फाटकावर पहिली अडचण आली. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई होती. रखवालदार सभ्य होता. म्हणाला, "साब, अंदर नक्को. यहाँ रख दो, शाम को ले लो." जागा म्हणजे एक फळी, तिच्यावर इतरांचे डबे, बाटल्या आणि खाली कुणाच्या तरी चपला.

मामाजींना हे मान्य होईना. धोंड्याचं वाण, नारायणाचा प्रसाद, आणि तो चपलांजवळ? त्यांनी रखवालदाराला अधिक महिना समजावून सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी तोच तोडगा सांगितला, जो मला नको होता. "तो फिर यहीं खिला दो ना दामाद को."

मग फाटकाबाहेर एका कट्ट्यावर मला बसवण्यात आलं. सगळ्या सासरचं सौजन्य माझ्यावर तुटून पडलं. अनारसा, धोंडा, धोंड्यावर घरचं तूप, परत अनारसा. मी नाही म्हटलं की मामाजींना तो शिष्टाचार वाटायचा. रांगेत उभी असलेली कुटुंबं आमच्याकडे पाहत होती. एका बाईने तर आपल्या नवऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून काही तरी तेलुगूत सुनावलं. अखेर मी दोन अनारसे रखवालदाराच्या हातावर ठेवले. त्याने ते खाल्ले, आणि मला म्हणाला, "अब झूले पे संभाल के बैठना, साब."

त्याच्यासमोर

रोलर कोस्टर लांबूनच दिसलं. फळ्यावर मी ते हाताच्या एका फिरकीने काढतो. इथं ते लोखंडाचं होतं आणि त्याच्या माथ्याशी पोचल्यावर गाडी कडाक्‌ कडाक्‌ असा आवाज करत क्षणभर थांबायची, जणू आपण काय करतोय याचा पुन्हा विचार करतेय. मग ती पडायची. पडणाऱ्या माणसांच्या किंकाळ्या आधी वरून, मग डावीकडून, मग जमिनीखालून आल्यासारख्या येत होत्या.

मी पटकन बाकावर बसलो आणि उदारपणे जाहीर केलं की मामाजींच्या सोबतीला मी थांबतो, सामानही सांभाळतो, तुम्ही तिघं जाऊन या.

मंगेश माझ्याकडे पाहतच राहिला. त्याच्या डोळ्यांत ती लग्नपत्रिका मला स्पष्ट दिसली. आणि मामीजी, ज्या रांगेच्या तोंडाशी जाऊन उभ्या होत्या, त्या परत आल्या.

"राहू दे वैशाली," त्या म्हणाल्या. "जवाई खाली अन् मी वरतं, हे बरं नाई दिसत."

वैशालीने समजावलं, मंगेशने समजावलं. पण जावयाने घास घेतल्याशिवाय त्या घरात कोणी जेवत नाही, आणि मामीजींच्या हिशेबात हाही एक घासच होता. त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. वैशालीची पिशवी, मंगेशची पाण्याची बाटली, मामाजींची टोपी, सगळं त्यांनी मांडीवर घेतलं आणि वर पाहत राहिल्या. ती बसण्याची तऱ्हा इतकी सरावाची होती की मला तिकडे बघवेना. दुपट्ट्याखाली नव्या कपड्याची इस्त्री अजून मोडलेली नव्हती.

मला शूरपणा आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मला फक्त दोन भीतींमधली एक निवडायची होती. वरची भीती थोड्या वेळात संपणारी होती. खालची मात्र माझ्याबरोबर पुलगावला आली असती.

"विचार बदलला," मी उठत म्हणालो. "चला."

मामाजींचा चेहरा उजळला. ते लगबगीने कठड्यापाशी गेले आणि तिथल्या मुलाला आमच्या खास नागपुरी हिंदीत म्हणाले, "ये हमारे जवाई है. इनको सबसे सामने बिठाना." मी म्हटलं, मामाजी, मधे कुठंही चालेल. ते म्हणाले, असं कसं, मान तुमचा. त्या मुलाने काय समजायचं ते समजून हसत हसत आम्हाला पुढच्या सीटच्या वेगळ्या रांगेत घातलं.

एका ओळीत दोन सीटा. मला वाटलं वैशाली माझ्याशेजारी बसेल, निदान हात धरता येईल. पण ती सरळ दुसऱ्या ओळीत मंगेशजवळ जाऊन बसली आणि आईला म्हणाली, तू पुढे बस, तुला नीट दिसेल. असे आम्ही दोघं, जन्मात एकमेकांशी थेट न बोललेले सासू-जावई, लोखंडाच्या एकाच दांडीखाली अडकलो. मुलगा मामीजींना म्हणाला, दुपट्टा बांधो आंटी. त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि कमरेला करकचून गाठ मारली. मी शिष्टाचार म्हणून दुसरीकडे पाहिलं. दुसरीकडे जमीन खाली खाली चालली होती.

चढ संपेना. मी डोळे मिटले. मनात सूत्रं म्हणायला लागलो, पण पहिल्याच सूत्रात वेगाचा वर्ग आला आणि मी तो विषय सोडून दिला. मग गाडी माथ्याशी आली, थांबली, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी याआधी फक्त एकदा, आमच्या गल्लीत मांजरांच्या भांडणात ऐकला होता. मी शेजारचा हात धरला. कोणाचा आहे याचा विचार केला नाही.

आणि तेव्हा तो आवाज आला, ज्याने शेजारच्या शाळेतली पोरं गप्प व्हायची.

"ए! डोळे उघड! समोर पाह्य! खाली नको पाहू, समोर! श्वास सोड. सोड म्हणते नं!"

मी सोडला. डोळे उघडले. इतक्या वेगात कोणी इतक्या शिस्तीत श्वास सोडला नसेल. आभाळ खाली गेलं, एक तळं डोक्यावरून गेलं, मी पडलो नाही. का पडलो नाही ते मला ठाऊक होतं आणि तरीही मला फार आश्चर्य वाटत होतं. प्रत्येक वळणाआधी हुकूम येत होता, "मान सरळ. आता डावीकडं. झालं, झालं, आता सपाट आहे." गाडी थांबली तेव्हा मी जिवंत होतो आणि मामीजींचं मनगट माझ्या मुठीत होतं. मी ते घाईने सोडलं. त्यांनी त्याहून घाईने दुपट्टा डोक्यावर घेतला.

"वैशाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जवायाले विचार, बरं वाटून राह्यलं का."

मला बरं वाटत नव्हतं. मी एका कचऱ्याच्या डब्यापर्यंत वेळेवर पोचलो. अधिक महिन्याचं पुण्य मी तिथं पूर्णपणे परत केलं.

उपाहारगृहात

पोट रिकामं झालं की माणूस शूर होतो. जेवणाच्या टेबलावर मी मामाजींना सगळा प्रवास सांगितला. हातवारे केले, मिठाच्या बाटलीला गाडी केलं, पापडाला वळसा केलं. मामाजी भारावून गेले. मंगेशही मान डोलावत होता, पण मध्येच त्याने विचारलं, ते मांजरासारखं कोण ओरडत होतं? मी म्हटलं, मागच्या ओळीतलं कोणी तरी असेल. मागच्या ओळीत तोच होता.

मामीजी शेजारच्या टेबलावर वैशालीबरोबर बसल्या होत्या. थोड्या वेळाने वैशाली माझ्याजवळ येऊन बसली. तिचा चेहरा हसरा नव्हता.

"आईला विचारलं, कसं वाटलं," ती म्हणाली. "म्हणते, मले कुठी काही दिसलं? मी जवायाकडंच पाहून राह्यलती."

माझा पापड हातातच राहिला.

म्हणजे बाई वर गेल्या होत्या, पण सहल तीच झाली होती. फरक एवढाच की यावेळी सांभाळायला पिशव्यांऐवजी मी होतो. आणि त्या त्याबद्दल काही तक्रारही करत नव्हत्या. बोटांवर मोजत होत्या की आता परत निघालं तर अंधार पडायच्या आत वाटेतलं निर्मल गाव ओलांडता येईल का.

मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेलो. वैशालीला मध्ये घेतलं नाही.

"मामीजी, परत जाऊ. तुम्ही अन् मी."

त्यांनी आधी मामाजींकडे पाहिलं, मग वैशालीकडे, पण निरोप न्यायला कोणीच पुढे येईना. तेव्हा नाइलाजाने माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पोट?"

"रिकामं आहे."

"भेव?"

"आहे. पण ते माझं मी पाहतो. या वेळी तुम्ही माझ्याकडे लक्ष द्यायचं नाही."

मामीजी उठल्या आणि मांडीवरचं सगळं सामान मामाजींच्या मांडीवर ठेवलं. मामाजींनी ते एखाद्या तान्ह्या लेकरासारखं दोन्ही हातांनी धरलं.

रांगेत कठड्यावरचा मुलगा मला ओळखून म्हणाला, "आगे?" मी मामीजींना विचारलं, कुठं बसायचं. आणि मग माझ्यातला मास्तर जागा झाला. जे मी सकाळी मंगेशपासूनही लपवून ठेवलं होतं, ते सांगून टाकलं, की पुढच्या डब्यात नुसतं दिसतं. खरा हिसका शेवटच्या डब्यात बसतो. पुढचे डबे उतरायला लागले की ते मागच्याला ओढून घेतात, तो माथ्यावरून फेकल्यासारखा जातो.

"मग शेवटी," मामीजी म्हणाल्या. इतक्या लवकर म्हणाल्या की मला ती माहिती दिल्याचा पश्चात्ताप करायलाही वेळ मिळाला नाही.

शेवटच्या डब्यात दांडी खाली आली. त्यांनी दुपट्टा कमरेला बांधला आणि या वेळी मी दुसरीकडे पाहिलं नाही, तशी गरजही वाटली नाही. गाडी कडाक्‌ कडाक्‌ करत चढू लागली. माझे हात दांडीवर होते, दोन्ही, आणि घामाने घसरत होते. पण डोळे उघडे होते. दूर रस्त्यावरचे ट्रक मुंगळ्यांएवढे दिसायला लागले. मोठमोठ्या करड्या दगडांच्या टेकड्या, त्यांच्या मधोमध एक तळं. त्या वाकून वाकून सगळं बघत होत्या.

"आता मी वरडणार आहे," त्या समोर पाहतच म्हणाल्या. "ऐकलं नाई म्हणून समजा."

पुढचे डबे माथ्यापलीकडे नाहीसे झाले, आमचा डबा हिसक्याने उचलला गेला, आणि आयुष्यभर पोरांना ओरडू नका रे म्हणत आलेली बाई ओरडली. आधी नुसता आवाज, मग हसणं, मग दोन्ही एकत्र. मीही ओरडत होतो, पण माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

परत

वडनेरला पोचेपर्यंत मामीजींचा घसा पूर्ण बसला होता. रस्ताभर त्या खुणांनी बोलत होत्या. घरापुढे गाडी थांबली तेव्हा शेजारच्या काकू अंगणात आल्या आणि विचारपूस करू लागल्या. मामीजींच्या तोंडून नुसती हवा निघाली. काकू घाबरल्या, काऊन बोलून नाही राह्यल्या म्हणाल्या. मामाजींनी घाईने सांगून टाकलं, थंड पाणी पेली, दुसरं काही नाई.

मामीजींनी मान हलवली. आता त्या साडीत होत्या, डोक्यावर पदर होता. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, डोक्याच्याही वर. टाचा उंचावल्या, हात आणखी वर नेला. तिथं तो क्षणभर थांबवला. काकूंची मान मागे गेली होती, मामाजींचीही.

मग त्यांनी तो सोडून दिला.